हिरवी छटा आणि बारीक ताप

सासूबाईंच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला मापेकाकांनी भरल्या घरात सगळ्यांना मोबाईल खिशात ठेवायला लावले, इथून हे प्रकरण सुरू झालं. "हल्ली जो तो फोटो काढतो आणि एकही फोटो कुणाकडे राहत नाही," ते म्हणाले. "आज फोटो मी काढणार. रंगीत फिल्मवर. आणि रोल धुणारही मीच, घरी." मेहुण्याने हातभर लांब लेन्सचा कॅमेरा नुकताच बॅगेतून बाहेर काढला होता. तो त्याने परत आत ठेवला आणि चेन शेवटपर्यंत ओढली. त्या चेनचा आवाज मापेकाकांच्या कानात पुढे बरेच दिवस राहिला.

मापेकाका हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानातला तराजू सरळ आहे का, लिटरच्या मापात लिटरच मावतं का, हे बघून शिक्का मारण्यात त्यांची हयात गेली होती, आणि इमारतीतल्या लोकांनी परस्पर हे नाव ठेवून टाकलं होतं. भाजीवाला त्यांना बघून दोन टोमॅटो जास्तच टाकायचा, तर हे ते परत काढायला लावायचे. जास्त हीसुद्धा चूकच, असं त्यांचं म्हणणं. अशा माणसाबरोबर संसार करणं सोपं नाही, असं काकूंचं म्हणणं होतं.

पण वाढदिवसाला मारलेली बढाई अगदीच हवेतली नव्हती. थोड्याच दिवसांपूर्वी त्यांनी रसायनांचा संच मागवून एक रोल घरी धुतला होता, आणि गॅलरीतल्या कुंड्या, समोरची पाण्याची टाकी आणि खुद्द काकू जशा आहेत तशा रंगात आल्या होत्या. रंगीत फिल्मचं सगळं इंगित तापमानात असतं. डेव्हलपर नावाचं पहिलं रसायन अडतीस अंशांवर हवं. ते त्याहून गार पडलं की फिल्मवरचे रंगांचे थर आपापल्या मर्जीने चालू लागतात आणि चित्रावर भलतीच छटा चढते. आता अडतीस अंश म्हणजे माणसाच्या भाषेत बारीक ताप. आणि बारीक ताप मोजायचं साधन तर प्रत्येक घरात असतं. हा विचार सुचला तेव्हा मापेकाकांना स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. रसायनाच्या बाटल्या गरम पाण्याच्या टबात उभ्या करायच्या आणि टबात घरचा थर्मामीटर सोडायचा, अशी त्यांची पद्धत होती. "फक्त पाण्यात," काकूंनी बजावलं होतं. "रसायनात बुडवलात तर यापुढचा ताप तुमच्याच तोंडात मोजला जाईल."

थर्मामीटरबाबत त्या घरात आणखी एक कायदा होता. आधीचा थर्मामीटर मापेकाकांनी झटकता झटकता कपाटाच्या कडेवर आपटला होता, आणि पाऱ्याचे थेंब पलंगाखाली जाऊन बसले होते. ते वेचताना काकूंनी जाहीर केलं की यापुढे या घरात थर्मामीटर कुणीही झटकायचा नाही. नळाखाली धरायचा, पुसायचा आणि डबीत ठेवायचा. गार पाण्याने पारा आपोआप उतरतो, असं काकूंचं ठाम मत होतं. मापेकाका स्वतःच गुन्हेगार असल्यामुळे त्यांना या विषयावर मत नव्हतं. शिवाय तापमान हे त्यांच्या खात्यात दुसऱ्या शाखेकडे येत असे.

तर वाढदिवसाच्या त्या रोलवर तसे सगळेच होते, पण खरा फोटो एकच होता. सासूबाई आणि त्यांची धाकटी बहीण, म्हणजे काकूंची मावशी, आईच्या शिवणयंत्रावरून कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. यंत्र मावशींकडे गेलं आणि त्यावर त्यांनी एक टाका घातला नाही, हे सासूबाईंचं दुःख. यंत्र नेलं तेव्हाच मोडकं होतं आणि ते ताईने सांगितलं नाही, हे मावशींचं. त्या दिवशी मावशी न कळवता आल्या, केकचा तुकडा खाल्ला आणि सोफ्याच्या एका टोकाला बसल्या. दुसऱ्या टोकाला सासूबाई. मधे तिसरं माणूस आरामात बसेल एवढी जागा होती, पण तिथे बसायची कुणाची छाती नव्हती. मापेकाका कॅमेऱ्याला डोळा लावून म्हणाले, "दोघी जरा आत सरका, कडेला कापल्या जाताय." दोघी सरकल्या. खांद्याला खांदा लागला आणि बटण दाबलं गेलं. दुसऱ्याच दिवशी निघताना पुन्हा यंत्राचा विषय निघाला आणि मावशी अर्धा चहा तसाच ठेवून गेल्या.

तेव्हापासून रोज सकाळी सासूबाई विचारायच्या, "आले का हो फोटो?" आणि लगेच म्हणायच्या, "नाही, सावकाश होऊ द्या." त्यांनी घाई केली असती तर मापेकाकांना चिडता तरी आलं असतं. त्या घाई करत नाहीत याचंच त्यांना फार वाईट वाटे.

"तो रोल आधी हातात घेऊ नका," काकू म्हणाल्या. "दुसरा एखादा धुऊन बघा. ही दोघींची जोडी पुन्हा सोफ्यावर बसायची नाही." सल्ला शहाणपणाचा होता, त्यामुळे मापेकाकांना तो आवडला नाही, पण त्यांनी ऐकला. वाढदिवसाचा रोल फ्रिजच्या दारात लिंबांशेजारी जाऊन बसला, आणि मापेकाका सरावासाठी इमारतीतल्या लोकांचे फोटो काढत जिने चढू-उतरू लागले. सोसायटीच्या सेक्रेटरींना नोटीस बोर्डावर लावायला स्वतःचा फोटो हवाच होता. ते टाय बांधून उभे राहिले.

पहिल्या वेळी टबातलं पाणी अडतीसवर आणायला मापेकाकांना थोडं थोडं गरम पाणी घालत बराच वेळ बसावं लागलं होतं. या वेळी त्यांनी नळाचं कोमट पाणी टबात घेतलं, थर्मामीटर सोडला आणि बघतात तर बरोबर अडतीस. त्यांनी काकूंना हाक मारली.

"बघ. हाताला अंदाज आला की असं होतं."

काकूंनी पाण्यात बोट घातलं. "मला तर हे गारच लागतंय."

"बोट हे प्रमाणित साधन नव्हे," मापेकाका म्हणाले.

फिल्म धुऊन, वाळवून, स्कॅन करून पडद्यावर आणली तेव्हा सेक्रेटरी हिरवे होते. गडद हिरवे नव्हेत, शेवाळ धरायला सुरुवात झालेल्या भिंतीइतपत. टाय मूळचा हिरवा असल्यामुळे तो दिसतच नव्हता. मापेकाकांनी फोटो द्यायला नकार दिला, पण सेक्रेटरींनी कुठूनतरी तो मिळवला, आणि बघता बघता इमारतीत त्यांच्या यकृताची चौकशी सुरू झाली. कुणी घरी पपई पाठवली. सेक्रेटरींना हे लागलं. त्यांनी नोटीस काढली की ना हरकत दाखल्याशिवाय कोणीही घरात रसायनं वापरू नयेत. मापेकाका नियमाचे माणूस, ते दाखला मागायला गेले. तर दाखल्याचा छापील नमुना फक्त पाळीव प्राण्यांसाठी उपलब्ध होता. सेक्रेटरी म्हणाले, नमुना बदलायला सर्वसाधारण सभा लागते. शेवटी मापेकाकांनी तोच भरला. प्राण्याचा प्रकार: डेव्हलपर. रंग: फिकट पिवळसर. रात्री आवाज करतो का: नाही. लस टोचल्याचा दाखला जोडला आहे का, या रकान्यात त्यांनी रसायनाची मुदत संपण्याची तारीख लिहिली. अर्ज मंजूर झाला.

हिरव्या छटेची बातमी पसरल्यावर सल्ल्यांना तोटा राहिला नाही. वरच्या मजल्यावरचे रंगवाले, ज्यांचा इमारती रंगवायचा ठेका होता, ते स्वतः खाली आले. त्यांनी फोटो हातात धरून लांबून बघितला. "साधी गोष्ट आहे. भिंत हिरवट आली की आम्ही डब्यात दोन थेंब लाल टाकतो."

"इथे डबा नाहीये हो," मापेकाका म्हणाले.

"डबा नाही? मग तुम्ही रंग कशात कालवता?"

मापेकाकांनी त्यांना समजावायचा प्रयत्न केला. त्यातून एवढंच झालं की रंगवाल्यांचं मन मोडू नये म्हणून त्यांनी कॉम्प्युटरवर हिरवा काढून लाल भरून बघितला. सेक्रेटरींचा चेहरा माणसात आला, पण केस, भुवया आणि कोटाच्या घड्या जांभळ्या झाल्या. जांभळा कमी करावा तर गाल पुन्हा हिरवे होत. उजेडाची एक छटा आणि सावलीची दुसरी, असा प्रकार होता, आणि दोघींची समजूत एकाच वेळी काढता येत नव्हती. हा अनुभव मापेकाकांना घरात नवा नव्हता.

तळमजल्यावरच्या शाळेतल्या निवृत्त बाईंचा संशय बाथरूमच्या हिरव्या टाइल्सवर होता. फिल्म बंद डब्यात धुतली जाते, तिला टाइल्स दिसत नाहीत, हे मापेकाकांना पक्कं माहीत होतं. तरीही त्यांनी टाइल्सवर पांढऱ्या चादरी टांगल्या. माणूस एकदा हरायला लागला की त्याला कुणाचंही पटतं. त्यांनी फिल्म बदलली, ट्यूबलाइट टाळून उन्हात फोटो काढले, बाटल्यांची झाकणं अदलाबदल झाली असतील म्हणून सगळ्या उकळून घेतल्या. अंधारात फिल्म डब्यात भरायला ते कपड्यांच्या कपाटात बसत. एकदा ते आत असताना सेक्रेटरी वर्गणी मागायला आले, तर काकूंनी कपाटाकडे बोट करून "ते आत आहेत" एवढंच सांगितलं. सेक्रेटरींनी नंतर येतो म्हटलं.

आणि एवढं सगळं करताना टबातलं पाणी मात्र दर वेळी, पहिल्या झटक्यात, बरोबर अडतीस यायचं. सगळं जग उलटलं असताना एक थर्मामीटर तेवढा आपल्या बाजूने आहे, असं मापेकाकांना वाटे. पुढचा रोल निळसर जांभळा आला. त्याच्या पुढचा पुन्हा हिरवा. मेहुण्याचा फोन आला. "भावोजी, फोटोंचं काय झालं? नाही, सहज विचारलं." सहज विचारल्यावर माणूस एवढा वेळ गप्प राहत नाही, हे मापेकाकांनी ओळखलं.

अशात एक दिवस सासूबाई म्हणाल्या, अंगात जरा कणकण वाटतेय. काकूंनी डबीतून थर्मामीटर काढून त्यांच्या काखेत लावला आणि खिडकीशी नेऊन बघितला. अडतीस. संध्याकाळी अडतीस. दुसऱ्या दिवशीही अडतीस, ना वर ना खाली. डॉक्टर फोनवर म्हणाले, "बारीक ताप आहे, विश्रांती घेऊ द्या, चढला तर कळवा." तो चढत नव्हता. काकू घाबरल्या, त्यांनी भावाला फोन केला, भावाने मावशींना केला, आणि तिन्हीसांजेला मावशी बॅग घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"ताप उतरेपर्यंत मी हलायची नाही," त्यांनी चपला काढता काढता सांगितलं. "आणि उतरला की एक क्षण थांबायची नाही."

त्यांनी सासूबाईंच्या खोलीत मुक्काम ठोकला. आतून दिवसभर बोलण्याचा आवाज येई. आधी सूप खारट आहे की नाही यावर वाद झाला, मग पांघरुणावर, मग लहानपणी विहिरीत बादली कुणी पाडली यावर. यंत्राचं नाव अजून निघालं नव्हतं, पण ते खोलीत असल्याचं बाहेर बसलेल्यांनाही जाणवत होतं. सासूबाई ताप आलेल्या माणसाच्या मानाने बऱ्याच खणखणीत बोलत होत्या.

एका दुपारी दोघी झोपल्या असताना मापेकाका पाय न वाजवता आत गेले आणि सरावाच्या नव्या रोलसाठी थर्मामीटरची डबी घेऊन आले. टब भरायच्या आधी, उगाच, सवयीने त्यांनी थर्मामीटर उजेडात धरला. तो सकाळपासून डबीत, गार फरशीच्या कट्ट्यावर पडून होता. पारा अडतीसवर होता.

त्यांनी तो नळाखाली धरला. अडतीस. फ्रिजमध्ये, वाढदिवसाच्या रोलशेजारी ठेवला आणि एक वर्तमानपत्र वाचून काढलं. अडतीस. बर्फाच्या ग्लासात उभा केला. अडतीस. थर्मामीटरच आजारी होता.

मग त्यांना डॉक्टरांचं मनगट आठवलं. डॉक्टर घरी आले की बोलता बोलता हा थर्मामीटर उचलत आणि हाताला दोन झटके देत. पारा गार पाण्याने उतरतच नव्हता. डॉक्टर उतरवत होते. ते शेवटचे येऊन गेले त्यानंतर मापेकाकांनी पहिला रोल धुतला, पारा प्रामाणिकपणे चढत चढत अडतीसला गेला, आणि तिथेच बसला. त्यानंतर टबात कोमट पाणी होतं की विहिरीचं, याच्याशी त्याला काही कर्तव्य नव्हतं. असलं माप एखाद्या दुकानात सापडलं असतं तर मापेकाकांनी जागच्या जागी सील ठोकलं असतं. इथे दुकानदार ते स्वतः होते. त्यांना मनापासून लाज वाटली, आणि त्या खालोखाल इतका आनंद झाला की ते थोडा वेळ टबाच्या काठावर नुसते बसून राहिले.

बाथरूमचं दार लावून, खाली चादरींचा ढीग टाकून, मनगटाला टॉवेल गुंडाळून त्यांनी घरचा कायदा मोडला. पारा सरकन खाली गेला. मग त्यांनी टबात पाणी घेतलं, आणि ते अडतीसला आणायला खरोखरच बराच वेळ लागला. फ्रिजमधला रोल काढून, कपाटात बसून त्यांनी तो डब्यात भरला. धुऊन झाल्यावर त्यांनी थर्मामीटर पुन्हा झटकून डबीत ठेवला, आणि हे कुणाला सांगितलं नाही.

फोटो जसेच्या तसे आले. केक पांढरा, सोफा मातकट, आणि सोफ्यावर त्या दोघी, खांद्याला खांदा लावून. दोघींच्या चेहऱ्यावर असा भाव होता की आपण जवळ सरकलो ते फक्त कडेला कापले जाऊ नये म्हणून. मापेकाकांनी तो फोटो छापला आणि प्रिंटरमधून निघत असताना दोन्ही हातांनी झेलला.

मग तो घरभर आणि इमारतभर फिरला. मावशी म्हणाल्या, "मागची भिंत एवढी मळकी आहे?" काकू म्हणाल्या, "आहेच मळकी." रंगवाल्यांनी लांबून बघून सांगितलं की आधीच्या हिरव्यात जास्त मजा होती. सेक्रेटरी केकच्या फोटोत मागे उभे होते. खऱ्या रंगातही ते जरा पिवळटच दिसत होते, पण ते कुणी बोललं नाही. मेहुण्याला फोटो पाठवला तर त्याने फक्त अंगठा पाठवला. सासूबाईंनी मात्र फोटो बराच वेळ धरून ठेवला आणि मग उशीखाली ठेवला. मापेकाकांना एवढं पुरे होतं.

संध्याकाळी मावशी सूप करायला स्वयंपाकघरात गेल्या, तेव्हा सासूबाईंनी हळूच हाक मारली. "जावईबापू, जरा दार ओढून घ्या."

त्यांनी ओढून घेतलं.

"तुम्ही थर्मामीटर झटकलात ना?"

मापेकाका चपापले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"फोटो नीट आले. इतके दिवस येत नव्हते." सासूबाई उशीला टेकून बसल्या. "मला ताप नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. अंग माझं आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"आधी कुणी मला विचारलंच नाही. जो तो त्या काचेच्या नळीला विचारत होता. मग धाकटी आली. आता लेक येईल, थर्मामीटर लावेल. उतरलेला दिसला की ही बॅग भरेल. फोटो छान आलाय हो. पण फोटो भांडत नाही. आमचं यंत्रापर्यंत अजून आलंच नाहीये."

मापेकाकांनी घसा खाकरला. "हे माझ्याच्याने होणार नाही. खोटं माप मी आयुष्यात कुणाला करू दिलेलं नाही."

"खोटं कुठे करा म्हणतेय मी? तुमचं ते पाणी बरोबर अडतीस असतं ना? त्यात बुडवा. पाण्याचा ताप तर खराच असेल."

या युक्तिवादात कुठेतरी चूक होती, पण ती सापडेपर्यंत मापेकाका बाथरूममध्ये पोचलेही होते. त्यांनी तपेलीत पाणी घेतलं आणि गरम पाणी चमच्याने घालायला सुरुवात केली. एक अंश जास्त झाला तर डॉक्टर येणार होते, एक अंश कमी पडला तर बॅग भरली जाणार होती. पारा चढत गेला तसे ते चमच्यावरून थेंबावर आले. शेवटी पारा रेघेवर टेकला आणि थांबला. त्यांनी थर्मामीटर पुसला आणि डबीत ठेवला.

काकू आल्या. नियमाप्रमाणे न झटकता त्यांनी तो आईच्या काखेत लावला, पुरेसा वेळ ठेवला आणि खिडकीशी नेला. दारात मावशी सुपाचा वाडगा घेऊन उभ्या होत्या. त्यांची बॅग अर्धी भरलेली, पलंगाच्या पायथ्याशी होती.

"अडतीस," काकू म्हणाल्या. "अगदी रेघेवर. उतरतच नाहीये."

"मला वाटलंच होतं," मावशी म्हणाल्या. त्यांनी वाडगा खाली ठेवला आणि पायाने बॅग पलंगाखाली सरकवली. "हा मुरलेला ताप आहे. आणखी काही दिवस खाणार."

मापेकाका खांद्यावर टॉवेल टाकून भिंतीला टेकून उभे होते. इतकं नेमकं अडतीस त्यांना आजवर साधलं नव्हतं, आणि ते कुणाला दाखवायची सोय नव्हती. सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं, बहिणीला शेजारी जागा करून दिली आणि म्हणाल्या, "हं, बस. आता सांग, मोडकं होतं म्हणजे नेमकं काय मोडलं होतं?"